किती जण, ड्रायव्हर धरून?

फोन आला की मी पहिलं हेच विचारते. तारीख नंतर, एसी खोली हवी की साधी तेही नंतर. "किती जण, ड्रायव्हर धरून?" बऱ्याचदा पलीकडचा माणूस अडखळतो. मग उत्तर येतं, "आम्ही सहा. आणि हो, ड्रायव्हर आहे. पण त्याचं काही नाही, तो गाडीत झोपतो."

सात-आठ वर्षांपूर्वीपर्यंत मीही "बरं" म्हणून पुढे जात असे. एका डिसेंबरात पुण्याची एक मंडळी ताम्हिणीतून रात्री नऊला पोचली. जेवणं झाली, सगळे खोल्यांत गेले. सासूबाईंना रात्री दीडला औषध द्यायचं असायचं म्हणून मी उठले, तर अंगणातल्या गाडीच्या काचांवर आतून वाफ धरलेली दिसली. वाडीतले, म्हणजे घराभोवतीच्या बागेतले, डास आत येऊ नयेत म्हणून त्या मुलाने सगळ्या काचा वर करून घेतल्या होत्या. सीट मागे पाडलेली, पाय दुमडलेले, तोंडावर रुमाल. मी काचेवर बोटाने टकटक केली. तो दचकून उठला आणि दार उघडायच्या आधीच म्हणाला, "काकू, गाडी काढू का?"

मला काय वाटलं ते आजही नीट सांगता येत नाही. पाच-सहा तास घाट उतरून आलेला तो मुलगा रात्री दीडला उठल्यावर पहिलं हे विचारत होता, की मी कुणाच्या वाटेत तर नाही ना. त्याला पडवीत गादी घालून दिली, मच्छरदाणी बांधली. जेवलास का म्हणून विचारलं, तर "बिस्किटं होती" म्हणाला. सकाळी पोहे वाढताना त्या मंडळींतल्या थोरल्या गृहस्थांनी मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "उगाच सवय लावू नका त्यांना." त्याच माणसाच्या हातात आपल्या चार वर्षांच्या नातवासकट सगळ्यांचा जीव देऊन ते दुपारी हरिहरेश्वरला गेले.

तेव्हापासून पडवीत एक खाट कायमची आहे. तिचे पैसे आम्ही लावत नाही. जेवणाचं एक ताट मात्र मोजतो आणि तसं फोनवरच सांगतो.

मी दिवेआगरला लग्न होऊन आले 1994 साली. तेव्हा आमच्याकडे येणारा माणूस म्हणजे नात्यातला, नाहीतर नात्यातल्याच्या ओळखीतला. बोर्लीला एसटीतून उतरायचं आणि पुढे मिळेल त्या वाहनाने यायचं. 17 नोव्हेंबर 1997 ला गावातल्या एका वाडीत खणताना तांब्याच्या पेटीत सोन्याचा गणपतीचा मुखवटा सापडला आणि गावाचं सगळं पालटलं. संकष्टीला रांगा लागायच्या. माणसं आधी पाणी मागायला दारात यायची, मग जेवायला मिळेल का विचारायची, मग बायका खालच्या आवाजात संडास कुठे आहे ते विचारायच्या. गावात हॉटेल नव्हतं. सासूबाईंनी कुणालाच नाही म्हटलं नाही.

एका संकष्टीला ठाण्याच्या एका कुटुंबाची शेवटची एसटी चुकली. ती चौघं आमच्या माजघरात झोपली, सकाळी घावन आणि गूळ-खोबरं खाल्लं. निघताना त्या गृहस्थांनी काहीतरी द्यायचं म्हणून देव्हाऱ्यापुढे पैसे ठेवले आणि नमस्कार करून गेले. सासूबाईंना ते दुपारी दिवा लावताना दिसले. दोन दिवस त्यांनी त्या नोटांना हात लावला नाही. आपण जेवायला घातलं त्याचे पैसे घेतले, हे त्यांना टोचत होतं. तिसऱ्या दिवशी यांनी त्या पैशांच्या दोन चादरी आणल्या, "पुढच्या वेळी कुणी राहिलं तर लागतील" म्हणून. आमच्या धंद्याची सुरुवात त्या दोन चादरींनी झाली. पुढे वाडीत दोन खोल्या झाल्या, न्याहारी-निवासचा बोर्ड लागला, दोनाच्या चार खोल्या झाल्या. 2012 च्या मार्चमध्ये तो मुखवटा चोरीला गेला, देवळाच्या दोन राखणदारांचा जीव गेला. गाव किती दिवस सुतकात होतं. तोवर लोक मात्र समुद्रासाठी यायला लागले होते.

या सगळ्यात शब्दही बदलले. आमच्या गावात "पाहुणे" म्हणजे अजूनही नात्यातलेच. राहायला येणारे ते "गेस्ट". मोठा घोळका असला की "पार्टी". "उद्या बारा जणांची पार्टी आहे, चार किलो वाल भिजत घाल." गिऱ्हाईक हा शब्द मात्र कुणी वापरत नाही. ज्याच्यासाठी आपण पहाटे पाचला उठून नारळ खवतो, ज्याच्या बाळाला ताप आला की बोर्लीच्या डॉक्टरांना रात्री फोन लावतो, तो गिऱ्हाईक कसा असेल? आणि जो एक दिवस आधी पैसे भरून येतो आणि हिशोबाची चिठ्ठी मागतो, तो पाहुणा तरी कसा? या दोहोंच्या मधल्या जागेत आम्ही पंचवीसेक वर्षं राहतो आहोत, आणि बहुतेक भांडणं, मनस्ताप, गैरसमज त्या मधल्या जागेतच उगवतात.

पाण्याचंच घ्या. आमच्या वाडीतल्या विहिरीला गोडं पाणी आहे, समुद्र एवढा जवळ असूनही. किनाऱ्यालगतच्या वाळूत पावसाचं मुरलेलं गोडं पाणी हलकं म्हणून खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, तेच आमच्या विहिरीत येतं. त्याचा थर काही अथांग नसतो. वरची पातळी 1 फूट खाली गेली की खालचं खारं पाणी हिशोबाने 40 फुटांपर्यंत वर सरकू शकतं. उपसा बेताने केला तर विहीर मे महिन्यातही साथ देते. पंप सारखा चालू राहिला की पाणी मचूळ व्हायला लागतं. चहा फाटायला लागला की आम्हाला पहिलं कळतं, मग पोफळीची, म्हणजे सुपारीच्या झाडाची, पानं टोकाकडून पिवळी पडतात. पोफळीला उन्हाळ्यात शिंपण चुकवून चालत नाही, तिची मुळं वरवर असतात. म्हणजे मे महिन्यात खोल्या भरलेल्या असताना वाडी आणि गेस्ट एकाच विहिरीवर असतात.

समुद्रावरून आलेलं माणूस अंगावरची वाळू जाईपर्यंत शॉवरखाली उभं राहतं. दहा मिनिटं शॉवर म्हणजे 80 ते 100 लिटर पाणी. दिवसातून दोनदा समुद्र, दोनदा आंघोळ, आणि आठ जण. म्हणून आम्ही वाडीच्या तोंडाशी नळ आणि दगड केला आहे, तिथे पाय-हात धुवा, मग आत जा, असं सांगतो. निम्मे लोक ऐकतात. बाकीचे म्हणतात, "आम्ही खोलीचे पैसे दिलेत ना?" दिलेत, खरंच दिलेत. पण त्या पैशांनी मी पाणी विकत आणू शकत नाही. टँकरचं पाणी पोफळींना घालून वाडी जगत नाही.

वाळूचं दुसरं दुखणं मोरीत. ती जाळीतून खाली जाते आणि पाइपाच्या वळणावर बसते. गेल्या दिवाळीत, चारही खोल्या भरलेल्या, तिसऱ्या खोलीचं पाणी तुंबलं. प्लंबर श्रीवर्धनला दुसऱ्या कामावर. शेवटी आमच्याकडे मदतीला येणाऱ्या मावशी आणि मी, दोघींनी झाकण काढलं. मावशींनी खांद्यापर्यंत हात घातला. आधी मूठ मूठ वाळू निघाली, मग केसांचा गुंता, मग लहान मुलाचा एक डायपर, फुगून उशीएवढा झालेला, आणि त्यामागे वर्तमानपत्रातही न गुंडाळलेले तीन पॅड. कचऱ्याची बादली कमोडपासून दोन हातांवर होती, झाकणासकट. मावशींनी काही न बोलता सगळं घमेल्यात भरलं आणि मागे नेलं. मग साबणाने तीनदा हात धुतले आणि आत जाऊन मोदकाची उकड काढायला बसल्या, कारण त्याच खोलीतल्या मंडळींनी रात्रीसाठी एकवीस मोदक सांगितले होते.

शहरात भिंतीपलीकडे ड्रेनेजची लाइन असते, फ्लश केलं की वस्तू नाहीशी होते. आमच्याकडे ती नाहीशी होत नाही, अंगणाच्या कोपऱ्यातल्या टाकीपर्यंतच जाते. आमच्या गल्लीत मैला उपसायची गाडी वळत नाही. हे मी आता चावी देताना तोंडाने सांगते. सांगताना पुरुष मंडळी फोनकडे बघतात, बायका मान खाली घालतात. सुरुवातीला मलाही अवघड वाटायचं. आता वाटत नाही. मला वाईट मावशींच्या हातांचं वाटतं.

सुपारीचं सांगते. श्रीवर्धनच्या पट्ट्यातली रोठा सुपारी नावाजलेली. असोली, म्हणजे न सोललेली, सुपारी अंगणात पसरून 40-45 दिवस उन्हात वाळवावी लागते, रोज हलवायची, दव पडायला लागलं की संध्याकाळी झाकायची. एका जानेवारीत एक तरुण मंडळी आली, रात्री गाडी लावताना जागा कमी पडली, तर त्यांनी गाडी सरळ सुपारीवर घातली. पुढे घेतली, मागे घेतली, पुन्हा पुढे. सालासकट सुपाऱ्या फुटत होत्या, तो आवाज घरात ऐकू येत होता. हे बाहेर गेले, तर मुलगा प्रामाणिकपणे म्हणाला, "काका, आम्हाला वाटलं कचरा आहे."

हे त्याच्यावर चिडले नाहीत, मीही नाही. त्याला खरोखरच माहीत नव्हतं. त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याबरोबर बसून फुटलेल्या सुपाऱ्या वेगळ्या केल्या, दोन तास, आणि विचारलं, "ही झाडावरून काढतं कोण?" दुपारी त्याला पोफळीवर चढणारा गडी दाखवला, एका झाडावरून दुसऱ्या झाडावर झोका घेऊन जाणारा. तो मुलगा तोंड उघडं टाकून बघत राहिला. नंतर तीन वेळा येऊन गेला आहे. गाडी रस्त्यावर लावतो.

म्हणून मला माहीत नसण्याचा राग येत नाही. मला त्रास होतो तो माहीत करून घ्यायची गरजच न वाटण्याचा. काही माणसांना असं वाटतं की हे घर त्यांनी कुलूप उघडलं तेव्हा सुरू झालं आणि चावी परत देतील तेव्हा बंद होईल. विहीर, वाडी, आतल्या खोलीत दम्याने खोकणाऱ्या माझ्या सासूबाई, शेजारच्या घरातली बारावीला बसलेली मुलगी, पहाटे होडी काढणारी कोळीवाड्यातली माणसं, हे सगळं त्यांच्या आधीपासून चालू आहे आणि नंतरही चालणार आहे, हे त्यांच्या ध्यानातच येत नाही.

रात्रीचे स्पीकर त्यातलेच. वाडीत आवाज अडवायला भिंती नाहीत, झाडांमधून तो सरळ पलीकडच्या आळीत जातो. मी दहाला एकदा सांगायला जाते, साडेदहाला हे जातात. एकदा सासूबाईंना फार दम लागला होता, उशीला टेकून बसल्या होत्या, झोपता येत नव्हतं. मी हात जोडून सांगितलं, आजारी माणूस आहे घरात. तर एक जण हसून म्हणाला, "काकू, अतिथी देवो भव म्हणतात ना?"

माझे वडील शाळामास्तर. तैत्तिरीय उपनिषदातली शिक्षावल्ली त्यांनी आम्हा भावंडांकडून पाठ करून घेतली होती, म्हणून ते वाक्य कुठून येतं ते मला ठाऊक आहे. विद्या पुरी झाल्यावर शिष्य घरी जायला निघतो, तेव्हा गुरू त्याला सांगतात, खरं बोल, धर्माने वाग, आईला देव मान, वडिलांना देव मान, आचार्यांना देव मान, अतिथीला देव मान. ते घर मांडायला निघालेल्या माणसाला सांगितलेलं आहे. यजमानाने स्वतःच्या मनाशी बोलायचं ते वाक्य आहे. अतिथीने ते मागणी म्हणून उच्चारलं की त्यातलं काही उरत नाही. त्या रात्री मी त्याला हे सांगितलं नाही, आत येऊन सासूबाईंची पाठ चोळत बसले. ते बोलायला हवं होतं असं अजून वाटतं.

आता आमच्या बाजूचंही बोलायला हवं, नाहीतर हे लिहिणं खोटं होईल. आम्ही यजमान मंडळी काही धुतल्या तांदळासारखी नाही. किनाऱ्यावरच्या एका दुसऱ्या गावात आम्ही दोघं एकदा राहिलो, गाव सांगत नाही. उशीच्या अभ्र्याला आधीच्या माणसाच्या तेलाचा वास. गरम पाणी सकाळी सहा ते सातच. भिंतीवर बारा सूचना, सगळ्या लाल अक्षरांत, प्रत्येकीच्या शेवटी दंड. जेवायला बसलो तर पोळी मोजून, आणि सोलकढी दुसऱ्यांदा मागितली तेव्हा वाढणाऱ्या मुलाने आत बघून घेतलं. रात्रभर मला परक्या घरात चोरून शिरल्यासारखं वाटत होतं. त्या खोलीत मी चिमूटभर वाळूही सांडू दिली नाही, आणि तरी त्या घराबद्दल मला जराही माया वाटली नाही. घरी आल्यावर मी आमच्या भिंतीवरच्या सूचना काढून टाकल्या. सहा होत्या. आता जे सांगायचं ते चावी देताना समोरासमोर सांगते, कारणासकट. कारण सांगितलं की माणसं बऱ्यापैकी ऐकतात, हा माझा अनुभव आहे.

आणि एक चूक माझ्या स्वतःच्या हातची. फोनवर लोक विचारतात, समुद्र किती लांब? सगळेच सांगतात तसं मीही सांगायची, "जवळच आहे हो, पाच मिनिटं." आमच्या पायांना ती पाच मिनिटंच वाटतात. एका वर्षी एक कुटुंब आजीला घेऊन आलं. ऐंशीच्या पुढच्या होत्या, दोन्ही गुडघे गेलेले, जन्म विदर्भात गेला आणि समुद्र कधी पाहिला नव्हता. माझ्या पाच मिनिटांवर भरवसा ठेवून त्यांच्या मुलाने ही जागा घेतली होती. त्या काठी टेकत निघाल्या. अर्ध्या वाटेवर पोफळींच्या सावलीत बसल्या, पुढे वाळू लागली, तिथे पाय रुतायला लागले. लाटांचा आवाज येत होता, समुद्र दिसत नव्हता. तिथूनच हात जोडून म्हणाल्या, "ऐकला, पुरे." मागे आणल्यावर त्यांच्या तळव्यांना तेल लावताना मला मान वर करवेना. संध्याकाळी हे आणि त्यांचा मुलगा, दोघांनी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून त्यांना उचलून किनाऱ्यापर्यंत नेलं. पाण्यात पाय बुडवून त्या अंधार पडेपर्यंत बसून राहिल्या. त्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. आता मी सांगते, "हजार पावलं आहेत, शेवटची दोनशे वाळूतली. बरोबर वयस्क माणूस आहे का?" चार बुकिंगं जातात त्यामुळे. जाऊ देत.

पाच सांगून नऊ जण येणं, लहान मुलाचे पैसे अर्धे की पाव, झाडाच्या शहाळ्याला पैसे कसले, आधार कार्डाची प्रत कशाला, हे रोजचं आहे. त्याचा मनस्ताप होतो आणि संध्याकाळपर्यंत विसरायला होतं.

बाणकोटच्या खाडीपलीकडे वेळासला मात्र मी एक वेगळीच गोष्ट पाहिली. तिथे कासवांची पिल्लं समुद्रात सोडताना बघायला लोक येतात, गावातल्या घरांमध्येच राहतात. एकेका खोलीत पाच-सहा अनोळखी माणसं, एसी नाही, जेवण घरचं शाकाहारी, आणि पहाटे उठून किनाऱ्यावर जायचं. तिथे दोरीच्या अलीकडे उभं राहा म्हटलं की मुंबईची माणसंही निमूट उभी राहतात. फ्लॅश मारू नका म्हटलं की मोबाइल खिशात जातात. मला वाटतं, ती माणसं स्वतःपेक्षा नाजूक काहीतरी बघायला आलेली असतात, म्हणून त्यांचा आवाज आपोआप खाली येतो. आमच्या किनाऱ्यावरही कासवं अंडी घालतात. त्याच वाळूत लोक गाड्या घालतात, भरती आली की चाकं रुततात, मग ट्रॅक्टर बोलवायला आमच्याकडे धावत येतात. गाडी निघते. वाळूखाली काय चिरडलं गेलं ते कुणी बघत नाही.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आमच्याच पट्ट्यात किनाऱ्याला धडकलं. दुपारी दोन-अडीच तास आम्ही माजघरात देव्हाऱ्यापाशी बसून होतो. कौलं उडतानाचा आवाज, माड मोडतानाचा आवाज, आणि मधेच काहीच ऐकू येत नव्हतं एवढा वाऱ्याचा आवाज. संध्याकाळी दार ढकललं तर उघडेना, त्यावर पोफळ आडवी पडली होती. खिडकीतून बाहेर पडून पाहिलं, तर आमच्या वाडीतून समुद्र दिसत होता. छत्तीस वर्षं हे घर बघणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांनाही तो तिथून कधी दिसला नव्हता. मधलं सगळं झोपलं होतं. आजेसासऱ्यांनी लावलेल्या पोफळी होत्या त्या. सासूबाई पायरीवर बसल्या आणि त्यांनी डोक्यावरून पदर घेतला, कुणी गेल्यावर घेतात तसा.

महिनाभर वीज नव्हती. पंप बंद, म्हणून विहिरीवर पुन्हा दोर आणि कळशी आली. दहाव्या-अकराव्या दिवशी बोर्लीच्या रस्त्यावर मोबाइलला रेंज मिळते असं कळलं, म्हणून हे फोन घेऊन तिकडे गेले. फोन सुरू होताच मेसेज पडायला लागले. बरेच चौकशीचे होते, चांगल्या मनाने केलेले. काहींनी विचारलं होतं, लॉकडाउन उठल्यावर कधीपासून घ्यायला लागाल. एकांनी दिलेला अ‍ॅडव्हान्स परत मागितला होता, तोही त्यांच्या जागी बरोबर होता, आम्ही तो पाठवला. आणि तेवढ्यात एक फोन वाजला. त्या ठाण्याच्या गृहस्थांचा, देव्हाऱ्यापुढे पैसे ठेवून गेलेल्या. ते दर दोन-तीन वर्षांनी येत राहिले होते. दहा दिवस रोज सकाळ-संध्याकाळ लावत होते म्हणे. माणसं बरी आहेत ना, एवढं विचारून झाल्यावर त्यांनी विचारलं, "पोफळी किती गेल्या?"

हे रस्त्यावर उभे राहून रडले. घरी येऊन मला सांगताना पुन्हा रडले. सव्वीस वर्षांत यांना मी असं पाहिलं नव्हतं, वडील गेले तेव्हाही नाही. "चारशेतल्या साठ उरल्या" असं यांनी सांगितलं, तर पलीकडून ते गृहस्थ म्हणाले, "विहिरीजवळची जोडी?" ती जोडी उरली होती.

पोफळ लावल्यापासून सुपारी धरायला 6-7 वर्षं जातात. आम्ही त्याच पावसाळ्यात रोपं लावली, पुढच्याही दोन पावसाळ्यांत लावली. पहिल्या वर्षी लावलेल्यांतल्या काहींना आता पोय, म्हणजे फुलोरा, फुटली आहे. त्या रोपांना बांबूचा आधार आणि झावळ्यांची सावली करण्यात आमचे चार उन्हाळे गेले, आणि त्या चारही उन्हाळ्यांत मी गेस्टना पाणी जपून वापरा म्हणून सांगताना नेहमीपेक्षा कठोर बोलले असेन. दोन-तीन जणांनी इंटरनेटवरच्या अभिप्रायांत तसं लिहिलंही आहे, की मालकीणबाई फार बोलतात.

परवा रात्री एक फोन आला. आवाज तरुण मुलीचा, नंबर ओळखीचा नव्हता. मी नेहमीसारखी "किती जण" म्हणायच्या आतच ती म्हणाली, "काकू, आम्ही पाच. ड्रायव्हर नाही, गाडी मीच चालवणार आहे." मग म्हणाली, "मेच्या दुसऱ्या आठवड्यात यायचं म्हणतोय. पण आजोबा म्हणाले, आधी विहिरीचं विचार. पाणी नसलं तर आम्ही पावसात येऊ."

ठाण्याची नात. 1998 साली माजघरात झोपलेल्या चौघांमधल्या धाकट्या मुलाची मुलगी. मी म्हटलं, "पाणी आहे. या." तिने विचारलं, विहिरीजवळच्या जोडीला या वर्षी सुपारी आहे का. मी कंदिलाच्या खिळ्याला अडकवलेली वही काढली आणि 10 मेच्या पानावर लिहिलं: ठाणे, पाच जण, खालची खोली. आजोबांना आता पायऱ्या नकोत.